शेजारणीकडे पिवळे पक्षी, आमच्याकडे नुसत्या मळकट चिमण्या!

पत्र थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे, नावगाव अर्थातच काढून टाकलंय. ऑगस्टमध्ये शेजारणीच्या बागेत कोनफ्लॉवरच्या झाडांवर त्यांना पिवळेधमक गोल्डफिंच दिसले, सात वर्षांची लेक वेडीच झाली, म्हणून ऑक्टोबरमध्ये त्यांनी कारळ्याचा नळीवाला फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी बी भरून टांगायची नळी, आणून डेकवर टांगला. आता डिसेंबर उजाडला तरी पिवळा पक्षी एकही नाही. त्या लिहितात, "चिमणीसारखं काहीतरी मळकट येऊन लटकतं, त्यांना मी काच वाजवून हाकलते. बी सांडून सांडून डेक काळा झालाय, आमचे हे म्हणतात डॉलर वाऱ्यावर उडवतेयस. शेजारीण सांगते तिच्याकडे थंडीतही रोज गोल्डफिंच असतात. लेक विचारते, आपण त्यांना आवडत नाही का? अजून दोन-तीन फीडर लावू, की सगळंच बंद करू? आणि जानेवारीत महिनाभर भारतात जायचंय. एकदा सवय लावली आणि मध्येच बंद केलं तर ते उपाशी मरतील का? या विचाराने झोप लागत नाहीये."

ताई, आधी एक करा, काच वाजवणं आजपासून बंद. कारण मला दाट शंका आहे की ज्यांना तुम्ही रोज हाकलताय तेच तुमचे गोल्डफिंच आहेत.

हसू नका, खरंच सांगतेय. अमेरिकन गोल्डफिंचचा नर पिवळाधमक असतो तो उन्हाळ्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची पिसं झडून नवीन येतात आणि ती नवीन पिसं असतात फिकट मातकट, थोडी ऑलिव्हकडे झुकणारी, की बाजूला मादी बसली तर नर कुठला ते पटकन कळू नये. मग फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत अंगावरची पिसं परत बदलतात आणि पिवळा रंग येतो. वर्षातून दोनदा अंगाची पिसं बदलणारा फिंचच्या कुळातला हा एकटाच. आता तुमच्या तारखा बघा, ऑगस्टमध्ये पिवळे पाहिलेत, फीडर लावलात ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अगदी ज्या महिन्यात त्यांनी पिवळे कपडे काढून ठेवले त्याच महिन्यात. शेजारीण थंडीतही गोल्डफिंच येतात म्हणते ते खोटं नाही, फक्त ती ज्यांना गोल्डफिंच म्हणते त्यांना तुम्ही चिमण्या म्हणताय.

खात्री कशी करायची ते सांगते. पक्षी आला की पंख बघा, बाकी काही नाही. गोल्डफिंचचे पंख थंडीतही काळे असतात आणि त्यावर दोन फिकट आडवे पट्टे. छाती साधी, एकही रेघ नाही, चोच छोटीशी टोकदार, शेपटीला मध्ये खाच, आणि नराच्या गळ्याशी नीट बघितलं तर हळदीचं बोट लागल्यासारखा हलका पिवळा. आकाराने चिमणीपेक्षा लहान, वजन तर जेमतेम निम्मं. छातीवर तपकिरी रेघा असतील आणि नराचं डोकं लालसर असेल तर तो हाऊस फिंच. अंगभर रेघा, चोच बारीक सुईसारखी आणि पंखाच्या कडेला पिवळी झाक असेल तर पाइन सिस्किन, आणि तो दिसला तर आनंद माना कारण तो दर वर्षी येतोच असं नाही. आणि खरी चिमणी, म्हणजे तीच आपली चिमणी हां, १८५१ च्या सुमाराला ब्रुकलिनमध्ये आणून सोडली आणि मग देशभर पसरली, ती जाडजूड असते, चोच जाड, नराच्या गळ्याखाली काळा डाग. तिच्या जाड चोचीला कारळ्याच्या फीडरची ती बारीक फट तशी गैरसोयीचीच. म्हणून पत्रात "येऊन लटकतं" वाचलं तेव्हाच माझे कान टवकारले, कारण लटकणं, उलटं होऊन खाणं, हे गोल्डफिंचचं काम. वाळलेल्या फुलाच्या डोलणाऱ्या दांडीवर उलटं लोंबकळत बी काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा आहे.

अजून एक पुरावा तुमच्या डेकवर पडलाय आणि तो तुम्हाला तुमच्या ह्यांनाही दाखवता येईल. ते काळं काळं जे सांडलंय ना, त्यातलं चिमूटभर उचला आणि पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीपाशी उजेडात बघा. कारळ्याचा अख्खा दाणा भरीव असतो, चकचकीत, दोन्हीकडे निमुळता. पण खाल्लेल्या दाण्याचं नुसतं टरफल असतं, लांबीत चिरलेलं, आतून पोकळ, फुंकर मारली की कागदावरून उडून जाईल. फिंच बी चोचीत धरतो, फिरवतो, टरफल सोलून खाली टाकतो आणि आतला गर गिळतो, हे सगळं इतक्या झटपट होतं की लांबून बघणाऱ्याला वाटतं नुसतं सांडतोय. कागदावर बहुतेक टरफलंच निघाली तर वाया काही गेलेलं नाही, जेवणं होऊन गेलीयेत.

आणि अख्खे दाणेच निघाले तर? मग दोष बियांचा असण्याची शक्यता जास्त. कारळ्यात तेल भरपूर, म्हणून तर थंडीत इतक्या लहान जिवाला ते हवं असतं, पण तेलाचं बी म्हणजे ते खवटही होतं आणि सुकतंही. दाणा कागदावर ठेवून नखाने दाबा, तेलाचा डाग उमटला तर ठीक, नुसता भुगा झाला तर ते बी फिंच तोंडात घेऊन टाकून देतील. दुकानात पिशवी किती दिवस पडून होती ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे स्वस्त पडते म्हणून वीस पाउंडाची पिशवी आणून गराजमध्ये ठेवणं हे एकच फीडर असलेल्याने करूच नये, लहान पिशवी आणा, हवाबंद डब्यात ठेवा आणि फीडर निम्माच भरा. दुसरी भानगड ओलाव्याची. पाऊस किंवा स्नो आत गेला की नळीच्या तळाशी बियांचा गोळा होतो, वरून बी छान कोरडं दिसतं आणि खालच्या फटींपाशी बुरशी धरलेली असते. दर थोड्या दिवसांनी फीडर काढून हलवा, गोळा झाला असेल तर सगळं फेकून द्या, जीव तुटला तरी फेका. वर एखादी प्लास्टिकची छत्री बसवता आली तर उत्तम.

कारळ्यावरून आठवलं, असंच विचारणारी पत्रं अधूनमधून येतात की इंडियन ग्रोसरीतले चटणीचे कारळे टाकले तर चालतात का. बी तेच आहे. कच्चं, बिनमिठाचं आणि ताजं असेल तर पक्षी पाकिटावरचं नाव वाचत नाहीत, पण भाजलेलं किंवा शेल्फवर वर्षभर पडलेलं नको. पक्ष्यांसाठी म्हणून जे विकतात ते बाहेरच्या देशांतून येतं, बरंचसं भारतातून आणि इथिओपियातून, आणि अमेरिकेत घेण्याआधी ते तापवून निर्जीव करावं लागतं कारण त्याच्याबरोबर अमरवेलीसारख्या तणांचं बी येण्याची भीती असते. त्यामुळे सांडलेलं बी अंगणात उगवेल ही चिंता करू नका.

आता शेजारणीचा विषय. तुमच्या पत्रात ती पाच-सहा वेळा येते, म्हणून विचारते, तिचे पक्षी आणि तुमचे पक्षी हे वेगळे आहेत असं का धरून चाललाय? थंडीत गोल्डफिंच थव्याने फिरतात. एका वेळी फीडरवर सहा दिसले म्हणजे सहाच येतात असं नसतं, दिवसभरात वेगवेगळे येऊन जातात, एक बॅच उठते दुसरी बसते, आणि हा थवा तुमची प्रॉपर्टी लाइन कुठे आहे ते विचारत नाही. तिच्याकडून उठून ते तुमच्याकडेच येत असणार, आणि तुमच्याकडून काच वाजली की परत तिच्याकडे!

पण तिच्याकडे एक गोष्ट आहे जी तुमच्याकडे नाही, आणि ती तुम्ही स्वतःच लिहिलीय, फक्त तक्रारीच्या सुरात. "तिची बाग थंडीत भयाण दिसते, वाळलेली झाडं तशीच उभी, आमच्याकडे माणूस येऊन सगळं स्वच्छ कापून जातो." ताई, ती भयाण बाग हाच तिचा सगळ्यात मोठा फीडर आहे. कोनफ्लॉवर, ब्लॅक आयड सुझन, सूर्यफूल, ॲस्टर, गोल्डनरॉड, यांची वाळलेली बोंडं म्हणजे बियांची कोठारं, बर्च आणि आल्डरच्या झाडांवरही थंडीत बी असतं. गोल्डफिंच तर जवळजवळ पूर्ण शाकाहारी, पिल्लांनासुद्धा बियाच भरवतो, आणि म्हणून त्याचं घरटं करणंही उशिरा, जून-जुलैत, काटेरी थिसलचा कापूस आणि बी तयार व्हायच्या बेताला. (याची एक मजा आहे. काऊबर्ड नावाचा पक्षी कोकिळेसारखा दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालतो, गोल्डफिंचच्याही घालतो, पण ते पिल्लू नुसत्या बियांवर दोन-तीन दिवसांपलीकडे बहुतेक जगतच नाही.) तर पुढच्या ऑक्टोबरला बाग कापणाऱ्या माणसाला सांगा की एवढा एक वाफा मार्चपर्यंत सोड. एचओएवाले, म्हणजे तिथल्या कॉलनीच्या सोसायटीवाले, कुरकुर करतात कधीकधी, मग तो वाफा घरामागे ठेवा, पुढचं लॉन त्यांच्या मनासारखं चकाचक राहू दे. आत्ता डिसेंबरमध्ये झाडं लावता येणार नाहीत हे कळतंय, पण फीडरचा जो खर्च तुम्ही दुप्पट करायला निघालाय त्यातले थोडे डॉलर वसंतात कोनफ्लॉवरच्या रोपांवर घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून फीडर लावू का, तर आत्ता नको. एक फीडर तुम्ही स्वच्छ ठेवू शकता की नाही हे आधी बघा, कारण गर्दी वाढली की रोग वाढतो आणि हा भाग लोक ऐकूनच घेत नाहीत. हाऊस फिंचमध्ये डोळे सुजून चिकटणारा एक आजार आहे, १९९४ मध्ये वॉशिंग्टन डीसीच्या आसपास पहिल्यांदा दिसला आणि मग देशाच्या पूर्व भागात भराभर पसरला. हे हाऊस फिंच मुळात पश्चिमेचे, १९४० च्या सुमाराला न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेकायदा विक्रीचे पक्षी कुणीतरी सोडून दिले, त्यांचीच ही सगळी प्रजा. नळीच्या फीडरवर सगळे एकाच फटीत डोकं घालतात त्यामुळे आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो, गोल्डफिंचलाही होतो. आणि २०२०-२१ च्या हिवाळ्यात पाइन सिस्किन प्रचंड संख्येने दक्षिणेकडे उतरले तेव्हा त्यांच्यात साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची साथ आली, ती माणसांपर्यंतही पोचली, सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने १२ राज्यांत २९ आजारी माणसं मोजली. घाबरवायला सांगत नाहीये, पण घरात लहान मूल आहे म्हणून सांगते. दोन आठवड्यांतून एकदा फीडर पूर्ण उघडा, गरम पाण्याने घासा, मग एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, खळखळून धुवा आणि खडखडीत वाळल्याशिवाय बी भरू नका. किचनच्या सिंकमध्ये नाही, बाहेर बादलीत. खालची टरफलंही झाडून टाका. लेकीने फीडरला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियमच करून टाका. आणि एखादा पक्षी फुगून गोळा होऊन बसलाय, जवळ गेलं तरी उडत नाही, डोळे सुजलेत, असं दिसलं तर फीडर दोन आठवडे काढून ठेवा म्हणजे थवा पांगतो. ते जाळीच्या मोज्यासारखे फीडर मिळतात ना, मला अजिबात आवडत नाहीत, भिजतात, नीट धुता येत नाहीत, फाटतात.

हाऊस फिंचनी फारच दादागिरी केली तर एक युक्ती आहे, बसायची काडी वर आणि फट खाली असा उलटा फीडर मिळतो, गोल्डफिंच आरामात उलटे लटकून खातात आणि बाकीच्यांना ते जमत नाही. पण खरं सांगू का, तेही बिचारे फिंचच आहेत, मी असते तर येऊ दिलं असतं.

जागेचं मात्र लगेच बदला. डेकच्या मधोमध, काचेच्या दारापासून दहाएक फुटांवर, असं तुम्ही लिहिलंय, आणि हीच सगळ्यात वाईट जागा. ससाणा आला की सगळे एकदम उडतात आणि तेवढ्या अंतरात काचेवर आपटून मरण्याइतका वेग त्यांना मिळतो. एक तर तीन फुटांच्या आत आणा, अगदी काचेला चिकटवलात तरी चालेल, आपटले तरी वेग नसतो, नाहीतर तीस फुटांपलीकडे न्या. काचेवर बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचांवर ठिपके लावले तर फारच छान, एखादं ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही. जवळपास, दहा फुटांवर वगैरे, एखादं झुडूप असावं, पळून लपायला. काचेजवळ आणलात की लेकीला आतून ते पट्टेही नीट दिसतील. शेजारपाजारच्या मांजराचं मात्र काही करता आलं तर बघा, कारण टरफलांमागून काही पक्षी खाली उतरतातच.

पाणीही ठेवा. सगळं गोठलेलं असतं तेव्हा पाणी तापतं ठेवणाऱ्या भांड्यावर असे पक्षी येतात जे फीडरकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आता तुमची झोप उडवणारा प्रश्न, भारतात गेल्यावर ते मरतील का. नाही मरणार. मागे विस्कॉन्सिनमध्ये चिकडी या छोट्या पक्ष्यांवर अभ्यास झाला होता, फीडरवर नेहमी येणारे पक्षीसुद्धा फीडरमधून जेमतेम एक पंचमांश खाणं घेत होते, बाकीचं रानातून, आणि फीडर काढल्यावरही ते बाकीच्यांइतकेच तगले. हां, अगदी हाडं गोठवणाऱ्या थंडीत फीडरचा उपयोग होतो हेही खरं, पण तो उपयोग म्हणजे अवलंबून असणं नव्हे. चिकडीवरचं सगळंच्या सगळं फिंचला लावू नये, पण फिंच तर त्याहून भटके, एका जागी बी संपलं की थवा उठून दुसरीकडे जातो, त्यांचं आयुष्यच त्यावर चाललंय. सिस्किन आणि रेडपोल नावाचा दुसरा छोटा फिंच तर उत्तरेकडच्या जंगलात स्प्रूस-बर्चचं बी ज्या वर्षी कमी धरतं त्या वर्षी शेकडो मैल खाली येतात आणि चांगलं धरलं तर फिरकतही नाहीत, त्याचा दर वर्षी शरद ऋतूत अंदाजसुद्धा प्रसिद्ध होतो. म्हणजे एखाद्या हिवाळ्यात तुमच्याकडे सिस्किन आले नाहीत तर त्याचं कारण कॅनडातल्या झाडांत शोधायचं, तुमच्या डेकवर नाही. लेकीलाही हेच सांगा, आवडण्या-नावडण्याचा इथे संबंधच नाही.

तिच्यासाठी एक सुचवते. कॉर्नेल लॅब आणि बर्ड्स कॅनडा या पक्षी-अभ्यासाच्या संस्था मिळून प्रोजेक्ट फीडरवॉच चालवतात, नोव्हेंबर ते एप्रिल, आपल्या फीडरवर कोण आलं ते मोजून कळवायचं, थोडी फी असते. सात वर्षांच्या मुलीला वही-पेन्सिल देऊन खिडकीशी बसवायला याहून चांगलं निमित्त मिळायचं नाही, आणि गोल्डफिंच हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी आहे, १९३५ पासून, हे तिने शाळेत सांगितलं की तिचा भाव वधारेल. मार्चमध्ये नरांच्या अंगावर पिवळे ठिगळ-ठिगळ दिसायला लागतात, तो महिना चुकवू नका, पिवळा पक्षी हवा असेल तर फीडर एप्रिलपर्यंत ठेवायला हवा. फक्त तुमच्याकडे अस्वलं फिरत असतील, आणि न्यू जर्सीत आता कुठेही फिरू शकतात, तर ती जागी व्हायच्या सुमाराला रात्री फीडर घरात घ्या. अस्वलाला खायला घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे आणि भरलेल्या फीडरपर्यंत ते सहज पोचतं.

बंद करू का, हाही तुमचा एक पर्याय होता. धुणं जमणार नसेल, नोकरी-घर-शाळा यात खरंच वेळ नसेल, तर बिनधास्त बंद करा, घाणेरड्या फीडरपेक्षा नसलेला फीडर कधीही चांगला आणि मार्चनंतर कोनफ्लॉवर लावा. पण धुणं जमत असेल तर बंद करायचं कारण मला दिसत नाही.

जायच्या आदल्या दिवशी फीडर भरून ठेवून जाऊ नका, "तेवढंच त्यांना होईल" हा विचार नको, महिनाभर भिजलेलं बी म्हणजे नुसती बुरशी. उतरवा, धुवा, वाळवून गराजमध्ये ठेवा, उरलेली पिशवी शेजारणीला देऊन टाका, तेवढंच बोलणंही होईल. परत आल्यावर जेट लॅगमुळे पहाटे चारला जाग येणारच आहे, तेव्हा ताजी लहान पिशवी आणून निम्मा फीडर भरा आणि टांगा. आठवडा-दोन आठवडे कुणी फिरकलं नाही तरी जागा बदलत बसू नका.